समाधीच्या रांगेत मी

परक्या देशाच्या थोर नेत्याच्या समाधीतून कोपराला धरून बाहेर काढलेली बाई अख्ख्या अंबरनाथ पूर्वेत एकच आहे. ती मी.

झालं असं, की आमच्या लेकीला, प्राचीला, नोकरीत बढती मिळाली आणि तिने घरच्यांना व्हिएतनामला न्यायचं ठरवलं. घरचे म्हणजे मी, आमचे हे आणि माझ्या सासूबाई. टूर उल्हासनगरच्या हरेशभाईंची. सासूबाई पंचाहत्तरीच्या, उंची साडेचार फूट आणि विमानाचं नाव काढलं तरी कानांवर हात! त्या नाहीच म्हणत होत्या. मग प्राचीने कार्यक्रम वाचून दाखवला. हनोईत त्यांच्या स्वातंत्र्याच्या नेत्याची भलीमोठी समाधी आहे आणि आत काचेच्या पेटीत त्यांचा देह अजून जपून ठेवलाय.

"म्हणजे चेहरा दिसतो?" सासूबाईंनी विचारलं.

"दिसतो ना, आजी. झोपल्यासारखा."

"मग येते मी."

याला कारण होतं. ज्यांनी आम्हाला माणूस केलं, त्या बाबांच्या अंत्ययात्रेला पाच वर्षांच्या सासूबाई वडिलांच्या खांद्यावर बसून दादरला गेल्या होत्या. आणि ऐन वेळी खांद्यावरच झोपून गेल्या! उठल्या तेव्हा सगळं संपलं होतं. "माझा बाप मला मरेपर्यंत बोलला गं," असं त्या आजही सांगतात. एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा बघायचा राहिला, ही त्यांची आयुष्यभराची चुटपुट. दुसरा का होईना, असा एक चेहरा डोळे भरून बघावा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी लगेच शब्द दिला, "आई, तुम्हाला अगदी पुढे उभं करून दाखवते. माझी जबाबदारी!"

जबाबदारी हा शब्द मी वापरायलाच नको होता. कारण मी आमच्या विहाराच्या महिला मंडळाची स्वयंसेविका. वीस वर्षं! जयंती असो, डिसेंबरातलं दादर असो, रांग दिसली की माझा हात आपोआप वर होतो. (आमचे हे म्हणतात, मी रेशनच्या दुकानातही लोकांना दोन पावलं मागे सरकवते. खोटं आहे. एकच पाऊल सरकवते.)

हनोईत सकाळी मी पहिला हुकूम सोडला. "समाधीला जायचंय. सगळ्यांनी पांढरे कपडे घाला."

"अगं, आपण फिरायला आलोय," हे म्हणाले.

"फिरायला दुपारी. सकाळी अभिवादन!"

मी पांढरी साडी नेसले, सासूबाईंना नेसवली, ह्यांना सदरा चढवला. प्राची मात्र जीन्समध्येच. खाली बसजवळ उल्हासनगरची मंडळी फुलाफुलांच्या शर्टांत उभी होती. आम्हाला बघून हरेशभाईंचा चेहराच उतरला. ते ह्यांच्या कानाशी जाऊन हळूच म्हणाले, "भाऊ, घर में कोई... म्हणजे, सब ठीक आहे ना?"

समाधीपाशी पोचलो आणि माझा ऊर भरून आला. काय ती रांग! दोन-दोनची जोडी, आवाज नाही, धक्का नाही, कुणी मध्ये घुसत नाही. आणि बंदोबस्ताला उभे शिपाई, तेही पांढऱ्या शुभ्र गणवेशात! मी ह्यांना कोपराने ढोसलं. "बघा. पांढरं घाला म्हटलं तर कुरकुरत होतात."

हरेशभाईंनी दारात बजावलं, "आत मध्ये बोलायचा नाही, थांबायचा नाही, फोटो नाही. भाभी, समझा ना?"

"मला सांगताय?" मी म्हणाले. "आई, माझा पदर धरा आणि सोडू नका."

आत थंडगार, अंधुक उजेड. रांग काचेच्या पेटीला वळसा घालून जात होती. सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात माझ्या पुढच्या दोन सिंधी भाभी पेटीपाशी थबकल्या. हात जोडून, डोळे मिटून उभ्याच राहिल्या! मागे रांग तुंबली. कुणी काही बोलेना. एक शिपाई नुसता हात हलवून खुणावत होता. अहो, मिटलेल्या डोळ्यांना खूण कशी दिसणार? मला राहवेना. वीस वर्षांची सवय! घशातून आवाज कधी निघाला, मलाच कळलं नाही.

"चला, चला! थांबू नका! मागे लोक आहेत! पोरं सांभाळा!"

तो आवाज त्या दगडी दालनात असा काही घुमला, की मीच दचकले. भाभी डोळे उघडून पळाल्या. पण नवल पुढेच! त्यांच्या पुढे तिथलीच दहा-पंधरा माणसं होती. पांढऱ्या साडीतली बाई हात पसरून ओरडतेय म्हणजे इथलीच कुणीतरी असणार, असं वाटून तीही झपाझप चालायला लागली! मला चेव आला. मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! असंच, उजव्या बाजूने!"

"मम्मी!" मागून प्राचीचा दबका आवाज.

"तू गप. रांग सुटतेय!"

मग माझ्या कोपराला पांढऱ्या हातमोज्यातला एक हात लागला. पकड सभ्य होती, पण घट्ट होती. शिपायाने मला ताडताड चालवत दारापर्यंत नेलं आणि माझा पदर धरलेल्या सासूबाई मागोमाग ओढल्या गेल्या. दोन मिनिटांत आम्ही दोघी बाहेर उन्हात.

मला तेव्हाही वाटत होतं, की रांग काय सुरेख हलवली! मग सासूबाईंकडे बघितलं. त्या अजून पदर धरून उभ्या होत्या.

"आई, बघितलं ना?"

"कुठे गं?" त्या म्हणाल्या. "तू पदर सोडू नको म्हणालीस, मी सोडला नाही. तू पुढेच होतीस."

मी दारावरच्या शिपायाला हात जोडले, सासूबाईंकडे बोट दाखवलं, एक बोट वर करून "एकदाच, एकदाच" म्हटलं. त्याने मान हलवली. रांग बंद झाली होती आणि आमचं त्याच संध्याकाळचं विमान होतं. बसमध्ये प्राची माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. सासूबाईच तिला म्हणाल्या, "असू दे गं, तिने मुद्दाम केलं का?" ते शब्द मला जास्त लागले. मी खिडकीकडे तोंड करून रडले.

परत आल्यावर पौर्णिमेला विहारात बायका जमल्या. वंदना झाली आणि सगळ्यांनी सासूबाईंना मध्ये बसवलं. मी पहिल्या ओळीत, मान खाली. आता वीस वर्षांची अब्रू जाणार!

"आजी, सांगा ना, दर्शन कसं झालं?"

सासूबाईंनी शांतपणे चष्मा पुसला. "छान झालं. पांढरं शुभ्र वस्त्र होतं. अंगापिंडाने भरलेलं. आणि आवाज तर असा, की सगळा देश पुढे चालायला लागला!"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "आवाज? अहो, आणि चेहरा?"

"चेहरा नाही बाई दिसला. माझ्याकडे पाठ होती," सासूबाई म्हणाल्या. "पण ब्लाउजची शिवण उसवली होती पाठीवर, एवढं मात्र नीट दिसलं."

मी तोच ब्लाउज घालून बसले होते. हळूच पदर ओढून पाठीवर घेतला.