पदराच्या गाठीतली किल्ली

शेवंते, तू माझी धाकटी जाऊ, तुझ्या डोळ्यांदेखत झालं सगळं. ह्यांचं तेरावं उरकलं आन् दुसऱ्याच दिवशी परकाशनं गाडी आनली. येती का म्हनून पोरानं मला इचारलं नाय. चुलीतली राख बी काढायची राह्यली. घराला कुलूप त्यानंच घातलं. किल्ली तेवढी मी त्याच्या हातातून घेतली आन् पदराला गाठ मारली. तू वट्यावर उभी व्हतीस. म्हनलीस, "बाई, आवनीला या, भात लावाया." मी म्हनलं, "येते." गाडी घोटीच्या फुडं गेली तरी मी रडले नाय. रडायला बी आपली जागा लागती.

हितं नाशकात आम्ही चौथ्या मजल्यावर. परकाश कंपनीत, सून पंचवटीत कपड्याच्या दुकानात. दोघं सकाळी जात्यात ते आंधार पडल्यावर येत्यात. फ्लॅट चांगला हाय गं, घरात नळ हाय. वंगाळ कशाला बोलू?

आपल्याकडं तिन्हीसांजेला दार उघडं ठेवायचं, उंबऱ्यात दिवा ठेवायचा. सासूबाई म्हनायच्या, "दार लावून बसल्यावर लक्षिमी काय खिडकीतून उडी मारून येईल?" मी हितं बी तसंच केलं. गॅसवर भात ठेवला आन् दिवा घेऊन भायेर गेले. वाकले तवर वाऱ्यानं दार आपटलं. हितल्या दाराला लॅच असती, आपटलं की आपोआप कुलूप. मी भायेर, भात आत. धूर जिन्यात आला, शेजाऱ्यांनी दार फोडलं.

परकाश मला रागं भरला नाय. नवं दार बशिवलं आन् कामाला जाताना भायेरून कुलूप लावाय लागला. "आई, तुझ्याच भल्यासाठी," म्हनतो. हे बी गाय बांधताना आसंच म्हनायचे, "तुझ्याच भल्यासाठी गं, बिबट्या फिरतोय."

तवापून मी दिवा लावत नाय. सून म्हनती, "आत्या, अंधारात काय बसल्या?" मी म्हनते, "तुमचं लाइटबिल वाचिवते." हसती बिचारी.

आवनीचे दिस आले तवा मी परकाशला म्हनलं, "मला चार दिस गावाला सोड, नायतर हितली एक किल्ली दे." तो जेवत व्हता. म्हनला, "आई, गावचं घर लोक भाड्यानं मागत्यात. ती किल्ली तू दे, हितली तुला करून देतो." सुनेच्या हातातली पळी तशीच राह्यली.

लय इचार केला मी. हितली किल्ली आली असती तर जिना उतरून देवळात गेले असते. माझ्या मनानं भाजी आनली असती. तिन्हीसांजेला दार उघडलं असतं. पन ह्यांची घोंगडी अजून खुंटीला हाय. तिथं परक्याचा शर्ट लटकला असता. मी म्हनलं, "ऱ्हाऊ दे. तू लाव कुलूप."

तुमची आवनी झाली आसंल. मी दाराला पाठ लावून बसते, पदराची गाठ मुठीत धरून. ज्या दाराआड बसले त्याला ही किल्ली लागत नाय, आन् जिथं लागती तिथवर मला जाता येत नाय.

तू एक कर, शेवंते. तिन्हीसांजेला तुझा दिवा लावशील तवा एक पनती माझ्या उंबऱ्यात ठेव. बंद दाराम्होरं दिवा ठेवत नायत, ठाव हाय मला. कोनी बोललं तर सांग, त्या दाराची किल्ली तिच्यापशीच हाय.