नाण्यावरचं वटवाघूळ

सेबेरोला आमच्या लुता बेटावर सगळे तोंडावर मानानं ‘तुन सेबेरो’ म्हणत आणि पाठीमागे ‘वटवाघळांचा कारकून’. एकोणीस वर्षं हा माणूस रोज दिवस कलला की लुताच्या दक्षिणेकडच्या कड्यावर जाऊन बसे आणि झाडांवरून उडणारी वटवाघळं मोजून वहीत लिही. पाऊस असो, वादळ असो, पोटच्या लेकीचं लग्न असो. लेकीला हाताला धरून चर्चमध्ये नेलं खरं, पण जेवणं सुरू झाली तेव्हा नवरीच्या बापाची खुर्ची रिकामी होती. त्याची बायको बिसिता, मानानं म्हणायचं तर तान बिसिता, तेव्हापासून सांगायची की माझी सवत झाडाला उलटी लटकते.

गंमत अशी की याचा बाप वटवाघळांचा काळ होता. आमच्याकडे फानिहीच्या, म्हणजे याच वटवाघळाच्या, वर पक्वान्न नाही. नारळाच्या दुधात अख्खं शिजवलेलं, पंखांसकट, डोळ्यांसकट. ते पहिल्यांदा पाद्रीबाबांना, मग व्याह्यांना, आणि उरलं तर घरच्यांना. असं खाऊन खाऊन कडे ओस पडले, मग बंदी आली. वटवाघळं कुठं बसतात, कधी उठतात हे ठाऊक असलेला माणूस वन्यजीव खात्याला हवा होता, तेव्हा शिकाऱ्याच्याच पोराला त्यांनी राखणीला ठेवलं. तात्पुरता म्हणून. एकोणीस वर्षं तो तात्पुरताच राहिला, आणि त्याबद्दल त्यानं कधी तोंड उघडलं नाही. त्याला कडा मिळाला होता, तेवढं पुरे होतं.

मग आमची बेटं ज्याच्या अखत्यारीत आहेत त्या तिकडच्या मोठ्या देशात कुणाच्या तरी मनात आलं की आमच्या बेटांचं एक स्मारक-नाणं काढावं. कडेला आमच्या पूर्वजांचा दगडी खांब आणि मधोमध पिल्लाला पोटाशी घेतलेली वटवाघळाची मादी. त्यासाठी फोटो काढायला जो माणूस आला, त्याला काट्यांतून कड्यापर्यंत नेलं ते सेबेरोनंच. परतीच्या वाटेवर पाहुण्याचा पाय मुरगळला तेव्हा त्याला पाठुंगळी मारून आणलं तेही सेबेरोनंच.

पण त्याच सुमाराला खात्यात क्रिस्पिन नावाचा नवा साहेब आला. आपल्याच बेटावरचा, चार बुकं बाहेर शिकून आलेला. त्यानं सेबेरोला जाता जाता सांगितलं, की कड्यावर कॅमेरे बसवायचा विचार चालू आहे, मग रोज माणूस पाठवायची गरज राहणार नाही. सेबेरोला अन्न गोड लागेना. तीनदा तो कचेरीत जाऊन आला आणि तिन्ही वेळा ‘विचार चालू आहे’ एवढंच ऐकून परतला. अडुसष्ट वर्षांच्या माणसानं कडा सोडून संध्याकाळचं करायचं तरी काय, हे मात्र कुणी त्याला सांगितलं नाही.

नाणं लोकांपुढे आणायचा समारंभ आमच्या बेटावर ठरला, आणि त्याच्या आदल्या दिवशी नाणी घेऊन मोठी पाहुणी आली. सोनेरी केसांची, बोलायला गोड बाई. क्रिस्पिन तिला आणि सोबतच्या मंडळींना कड्यावर घेऊन गेला. तिनं मखमली डबीतलं नाणं सेबेरोच्या हातावर ठेवलं. त्यानं ते डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाला, “हिचा डावा कान फाटलाय. तिसऱ्या झाडावर असते. ते बघा, आत्ता उठतेय.” आणि खरंच ती उठली, पिल्लू पोटाशी घेऊन. पाहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काहीतरी बोलली आणि क्रिस्पिननं ते आमच्या बोलीत सांगितलं: “बाई म्हणतात, जोवर हे गृहस्थ इथे आहेत, तोवर मला या वटवाघळांची काळजी नाही.”

आमच्याकडे पाहुण्यानं चारचौघांत काढलेला शब्द म्हणजे दिलेला शब्द. सेबेरोला वाटलं, कडा परत मिळाला. आणि एवढं मोठं काही पदरात पडलं की आमच्यात गप्प बसता येत नाही. परतफेड करावी लागते, आणि तीही अशी की देताना आपल्या काळजाला थोडी इजा झाली पाहिजे. मासळी देऊन भागत नाही. मग सेबेरोच्या घरात तोलामोलाचं होतं काय?

सगळे गेल्यावर तो झाडांखाली उतरला. गेल्या आठवड्याच्या वाऱ्यात पंख फाटलेला एक म्हातारा नर तिथे सरपटत होता. त्यानं तो उचलून पिशवीत घातला आणि घरी आणला. बिसितानं पिशवीत डोकावून कपाळाला हात लावला.

“अरे, ती बाई ज्याचं नाणं काढतेय, तेच तू तिला वाढणार?”

“तिला ते आवडतं म्हणून तर.”

“तुला तुरुंगात टाकतील.”

“पाहुण्याच्या पानातलं बघून कुणी तुरुंगात टाकतं का?” तो म्हणाला आणि नारळ फोडायला बसला. एवढा भोळा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी भाषणं झाली, पोरींची नाचगाणी झाली, लाल भात आणि भाजलेलं डुक्कर मांडलं गेलं. सेबेरो इस्त्रीचा सदरा घालून आला आणि त्यानं झाकलेलं भांडं दोन्ही हातांनी पाहुणीसमोर ठेवलं. तिनं हसत झाकण उचललं. नारळाच्या दुधात ते अंग मुडपून पडलं होतं, दात दिसत होते. झाकण परत ठेवायचंसुद्धा तिला सुचेना.

सगळ्यात आधी ओरडला तो तेलेस्फोरो, समारंभाचा प्रमुख. बेटाचं नाक कापलंस, म्हणाला. हा तेलेस्फोरो लहानपणी सेबेरोच्या बापाच्या चुलीपाशी वाटी घेऊन बसायचा, हे मांडवातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, पण सगळे आपापल्या भाताकडे बघत राहिले. त्याच संध्याकाळी तो मागच्या दारानं बिसिताकडे आला आणि हळूच विचारू लागला, भांड्याचं पुढे काय झालं. पोलिसांनी नेलं, असं सांगून तिनं दार लावून घेतलं.

सेबेरोवर खटला भरला गेला, पण त्यात शोधायचं असं काही नव्हतंच. पुरावा सेबेरोनंच लिहून ठेवला होता. वटवाघूळ उचललं त्या संध्याकाळी वहीत आकडा टाकून शेजारी त्यानं नोंद केली होती: ‘एक कमी. मी नेलं.’ वकिलानं पढवलं होतं की ते मरायलाच टेकलं होतं असं सांग. न्यायाधीशांनी विचारल्यावर हा म्हणाला, “चार दिवस जगलं असतं, साहेब. मी जगू दिलं नाही.”

मग क्रिस्पिनची साक्ष झाली. त्याला विचारलं, हा माणूस खात्याचा नोकर आहे का? क्रिस्पिन म्हणाला, आता नाही. कॅमेऱ्यांचा निर्णय समारंभाच्या तीन महिने आधीच झाला होता, हुकूम टेबलाच्या खणात तयार होता. पाहुणीला कडा दाखवायला माणूस लागणार म्हणून तो थांबवून ठेवला. पाहुणीचा यात काही संबंध? अजिबात नाही, क्रिस्पिन म्हणाला. त्या फक्त नाण्यांच्या कामाला आल्या होत्या. नोकरी ठेवायची की काढायची, यातलं त्यांना काही ठाऊकही नव्हतं.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. सेबेरोनं दुभाष्याला हात करून शेवटचं पुन्हा सांगायला लावलं. दुभाष्यानं सांगितलं. सेबेरोनं मान हलवली. कड्याच्या आसपास जन्मात फिरकायचं नाही, अशी शिक्षा झाली, तीही त्यानं उभ्यानं ऐकून घेतली.

कोर्टाच्या पायरीवर बिसिता त्याच्याजवळ बसली. आता हा क्रिस्पिनला शिव्या घालील, रडेल, असं तिला वाटत होतं. त्यानं नुसते गुडघे चोळले.

“म्हणजे त्या बाईनं मला काही दिलंच नव्हतं,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग ते बिचारं फुकटच गेलं गं, बिसिता.”