एकशे सतरा, हाजिर

आठचा भोंगा झाला. सव्वाआठला मी हजेरीच्या फळ्यावरचे, माझा सोडून, बिल्ले मोजले, ते पंच्याऐंशी भरले. मग शेडमध्ये जाऊन माणसं मोजली, ती चौऱ्याऐंशी होती. पहिल्या दिवशी वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या दिवशी एकेकाकडे बोट दाखवून मोजली. तिसऱ्या दिवशीही एक माणूस कमीच. कोणी बाहेर गेलं म्हणावं, तर बाहेर जायला एकच फाटक होतं आणि माझी खिडकी त्या फाटकालाच लागून होती.

मी त्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, त्याच्या पुढच्याच वर्षी लागले होते. नाकाडोंगरीकडच्या खाणींतून मँगनीजचा दगड यायचा, तो आमच्या भट्टीत वितळायचा आणि पोलादात घालायचा धातू होऊन जहाजाने युरोपात जायचा. आमच्या घरात महिन्याचा पगार आणणारी मी पहिलीच. बाप सगळा जन्म दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत चिखल तुडवून गेला होता. त्यामुळे मला नोकरीचा गर्व होता आणि तो मी कधी लपवला नाही. माझ्या रजिस्टरात एक खाडाखोड दाखवा, असं मी साहेबांच्या तोंडावर म्हणायचे.

कामाची रीत सोपी होती. प्रत्येकाचा नंबर कोरलेला एक पितळी बिल्ला. फाटकाबाहेरच्या फळ्यावरून तो काढायचा, आतल्या फळ्यावर टांगायचा, की माणूस हजर. जाताना परत बाहेरच्या फळ्यावर. मी आतला फळा पाहून रजिस्टर भरायचे. माणसं मला नावाने कमी आणि नंबराने जास्त ठाऊक होती. माझाही बिल्ला होता, नऊ नंबरचा.

भट्टीची एक घरघर असायची, दिवसरात्र. ती इतकी अंगवळणी पडली होती की कोणाला ऐकूच येत नसे. एका दुपारी ती थांबली. रस्त्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका हातातलं काम टाकून बाहेर आल्या आणि कशासाठी आलो ते त्यांनाच सांगता येईना. माझी आई दारात उभी राहून म्हणाली, "कोन मेलं वं?"

मेलं होतं ते फार लांब. दुसऱ्या दिवशी फोरमनने आम्हा सगळ्यांना शेडमध्ये गोळा करून सांगितलं, की युरोपातला एक देश कर्जात बुडाला. खुद्द सरकारनेच हात वर केले. त्याच्या धक्क्याने शेजारचे देशही घाबरले, तिकडची बांधकामं थांबली, पोलादाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि आपला माल बंदरावर पडून राहिला. भट्टीवरचा एकजण म्हणाला, "साहेब, आमी तं त्याइले कर्ज देल्लं नाई, घेतलं बी नाई. मंग आमची भट्टी काहून बंद?" फोरमनने टोपी काढली, परत घातली आणि तो निघून गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे तर आग समुद्रापलीकडे लागली होती, आणि गार पडलो होतो आम्ही.

कोणाला काढलं नाही. 'ले-ऑफ' दिला. म्हणजे काम नाही, पण रोज आठला यायचं, बिल्ला टांगायचा आणि बारापर्यंत बसायचं. त्याचा अर्धा पगार मिळणार होता, पण तो भट्टी सुरू झाल्यावर. एक दिवस चुकला तर तो दिवस गेला, लागोपाठ आठ दिवस चुकले तर नावच गेलं. म्हणून तापाने फणफणलेला माणूससुद्धा सायकलच्या मागे बसून यायचा.

आणि ते बसणं! थंड भट्टीसमोर ओळीने बसलेली माणसं. आधी इथे कानाशी ओरडल्याशिवाय बोलता येत नसे, आता तेच लोक कुजबुजत होते. भट्टीच्या तोंडासमोरून जाताना अजूनही चेहऱ्यावर हात धरायचे. धातू वाहून जायच्या नालीत आता पाला साचला होता, तरी एकही माणूस तिच्यात पाय ठेवत नसे, सगळे लांब टांग टाकून ओलांडायचे. भट्टी आतून निवत होती. मधूनच तिच्या पोटात विटा तडकायच्या, टक, टक. मग कुजबूजही थांबायची आणि सगळे तिकडे बघत राहायचे.

याच दिवसांत मला मोजायची खोड लागली. कारखाना चालू असताना माणसं दहा ठिकाणी पांगलेली असत, मोजणार कशी? आता सगळी एका छपराखाली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक बिल्ला रोज जास्त भरू लागला.

फाटकावरच्या म्हाताऱ्या चौकीदाराला विचारलं. त्याने बिडी विझवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मोजू नोका बाई. चिपचाप बसलेले लोक मोजाचे नसतेत."

"काहून?"

"एखादा वाढते."

मी हसले, पण त्याचं तोंड हसरं नव्हतं. चौथ्या दिवशी मी रजिस्टर घेऊनच शेडमध्ये गेले आणि नंबर पुकारू लागले. एकेक माणूस हात वर करून "हाजिर" म्हणत होता. एकशे सतरा म्हटलं आणि कोणाचा हात वर झाला नाही. चौऱ्याऐंशी माणसं खाली मान घालून बसली होती. मी पुन्हा म्हटलं, "एकशे सतरा." भट्टीच्या मागच्या अंधारातून आवाज आला, "हाजिर."

मी तिकडे गेले. मागे कोणी नव्हतं. भिंतीतल्या खिळ्याला एकशे सतराचं हेल्मेट आणि दुपट्टा टांगलेला होता. खाली त्याची नेहमीची बसायची वीट होती. सगळ्या शेडमध्ये बोटभर काळी धूळ, आणि तेवढी वीट पुसलेली. मी परत आले, त्याच्या नावापुढे 'हजर' लिहिलं आणि ऑफिसात येऊन दोन पेले पाणी प्यायले. भीती वाटली होती, खरंच सांगते. त्या आवाजाची नाही. चौऱ्याऐंशी माणसांना तो ऐकू आला आणि एकानेही मान वळवून पाहिलं नाही, त्याची.

एकशे सतरा हा आंबागडचा. धातूची धार सोडणारा, बुटका, बोलका माणूस. बिल्ला टांगताना रोज मला म्हणायचा, "बाई, लिवा, आलो मी." त्याचं हे "आलो मी" बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं, ते मला तेव्हा उमगलं. त्या रविवारी मी आंबागडला गेले.

किल्ल्याच्या डोंगराखालच्या वस्तीत त्याचं घर विचारलं. एका बाईने बोट दाखवलं आणि ती लगबगीने आत गेली. त्याची बायको दारातच तांदूळ पाखडत होती. मागच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, आणि तिच्या खाली त्याचा फोटो. फोटोला हार होता. हारातली फुलं वाळून तपकिरी झाली होती.

मी काही विचारायच्या आधी तिनेच सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, हजर हायेत ना ते?"

मी त्या हाराकडे बघत होते. तरी तोंडातून निघालं, "हो वहिनी. रोज."

मग तिने सगळं सांगितलं. ले-ऑफ सुरू झाल्यावर महिन्याभरात, एका दिवशी तो बारा वाजता घरी आला, छातीत कळ आली म्हणाला आणि संध्याकाळ व्हायच्या आत गेला. भट्टीवरचे लोक मातीला आले. आमच्या कारखान्यात रीत होती, की कामावरचा माणूस गेला तर घरातल्या एकाला त्याच्या जागेवर घ्यायचं. पण ती झाली चालू कारखान्याची रीत. बंद भट्टीत मेला तर जागाच मोडीत निघेल, असं त्या सगळ्यांना वाटलं. मातीहून परतताना त्यांनी तिला सांगितलं, "वहिनी, सध्या याले मरू देऊ नोका. भट्टी सुरू होईन, मंग मरू देऊ." आणि तेव्हापासून आळीपाळीने कोणीतरी मुठीत दोन बिल्ले आणत होतं. कोणीतरी त्याची वीट पुसत होतं.

"फसवाचं मनात नोयतं बाई," ती म्हणाली. "पोरगी बारावी झाली. तिले भेटंल म्हनून."

परत येताना मला राग आला होता. मला न विचारता माझ्या रजिस्टरात एक मेलेला माणूस बसवला होता. माझं एवढं स्वच्छ रजिस्टर! पण सोमवारी आठचा भोंगा झाला, फळ्यावर एकशे सतरा लटकत होता आणि मी 'हजर' लिहिलं. मंगळवारीही लिहिलं. पुढे शेडमध्ये जाऊन मोजणंच सोडून दिलं. तरी शेडसमोरून जाताना मी त्या विटेकडे बघायचे, आणि एकदा तर चौकीदाराला म्हणाले, "आज एकशे सतरा जरा थकलेला दिसते." माझं मलाच समजलं, की आता आपणही त्यांच्यातल्याच झालो.

दिवाळीनंतर हेड ऑफिसचा अधिकारी आला. भट्टी सुरू होणार होती, पण अर्धीच. कोण राहणार आणि कोण जाणार, याची यादी करायची होती. त्याने टाइम ऑफिसातच टेबल मांडलं आणि फोटोंची फाईल उघडून एकेकाला समोर बोलावलं. ही गोष्ट कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. सगळ्यांनी भोंग्याचा विचार केला होता, फळ्याचा केला होता, विटेचा केला होता. समोर येऊन तोंड दाखवावं लागेल, हा विचार चौऱ्याऐंशीपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

एकशे सतराचा पुकारा झाला. कोणीच 'हाजिर' म्हटलं नाही. भट्टी सुरू होणार म्हणून त्याची बायको मुलीच्या जागेसाठी फाटकाशी येऊन बसली होती, ती आत आली, सोबत मुलगी. तिने पदराखालून मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला. ग्रामपंचायतीत तिने नोंद वेळच्या वेळी केली होती, कोणी करू नको म्हटलंच नव्हतं. अधिकाऱ्याने दाखल्यावरची तारीख वाचली, मग माझं रजिस्टर ओढलं आणि पानं उलटू लागला. हजर. हजर. हजर. माणूस जाऊन पाच महिने झाले होते आणि तो रोज आठला कामावर येत होता. माझंच वळणदार अक्षर, आणि एक खाडाखोड नाही.

"बिल्ला कोण टांगत होतं?" त्याने विचारलं. "ही फसवणूक आहे. याचा हक्क गेला. आणि टांगणारे जेवढे असतील, तेवढे या यादीतून आजच जातील."

खिडकीबाहेर चौऱ्याऐंशी माणसं उभी होती. मुलीने आईचा हात धरला होता. मी फळ्याकडे पाहिलं. तो बिल्ला अजून आतल्या फळ्यावर होता.

"कोणीच नाही," मी म्हणाले. "शेवटच्या दिवशी जाताना तो बिल्ला बाहेर टांगायला विसरला. तो आतच राहिला. मी फळा बघून लिहीत गेले. माणसं मोजली नाहीत. चूक माझी आहे."

इतक्या वर्षांत त्या खोलीत मी बोललेलं ते पहिलं खोटं. अधिकाऱ्याला पटलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण त्याला नावं कमी करायची होती, आणि एक नाव आपल्या पायाने चालून आलं होतं. त्याने एकशे सतरापुढे 'नोकरीत असताना मृत्यू' असं लिहिलं आणि माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. मुलीचं नाव यादीत चढलं. मी रडले ते घरी आल्यावर, खूप रडले. नोकरी गेली म्हणून रडले, आणि रजिस्टरासाठीही रडले, आता हसू येतं.

पंधरा-वीस दिवसांनी चौकीदार घरी आला. मी अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होते. तो उभ्याउभ्याच बोलला. भट्टी पेटली, मुलगी कामावर रुजू झाली, टाइम ऑफिसात नवीन पोरगा आला, सगळं सांगून झालं. मग म्हणाला, "बाई, तुमी जातानी बिल्ला देल्ला नाई."

खरंच, तो आतल्या फळ्यावरच राहिला होता. "फेकून द्या," मी म्हणाले.

"कसा फेकू? सकारी आतल्या फळ्यावर रायते, सुट्टी झाली का बाहेरच्या. रोज." त्याने खिशातली बिडी काढली. "नवा पोरगा बिल्ले मोजते अन् बावचळते. त्यानं काल सगळ्याइले गोळा करून पुकारा केला."

माझा हात शेंगांवरच राहिला. "मग?"

"नऊ नंबर म्हनलं, तं एवढ्या घरघरीत बी भट्टीमागून कोनीतरी हाजिर म्हनलं, आयकू आलं."

तो गेला. मी आईला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी भाकरी थापत होते, वाऱ्यावर आठचा भोंगा आला आणि माझ्या तोंडातून तोच शब्द निघून गेला. आईने वळून पाहिलं. घरात आम्हा दोघींशिवाय कोणी नव्हतं.

"कोनाशी बोलून राहिली वं?" ती म्हणाली.