रियाधचा रविवार

बेरीज दिसली की ही बाई ती तळहाताने झाकायची. संगणकाचा स्क्रीन असो की छापलेला कागद. मग समोरच्याकडे बघून म्हणायची, "आता सांग, हिच्यात काय काय आहे?" निम्म्या लोकांना सांगता यायचं नाही. तिच्या हाताचे ठसे ऑफिसातल्या प्रत्येक स्क्रीनवर होते आणि ते पुसायचा स्प्रे मी मागवत असे.

तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल, जिच्या टेबलावरून जाताना लोक उगाच फोन कानाला लावतात. आमची होती वसईची. दुबईत एका अमिराती कुटुंबाची गुंतवणूक सांभाळणारं आमचं छोटं ऑफिस. कुठे किती धोका आहे हे बघणं तिचं काम, बाकीचं सगळं माझं. राहायची शारजात, रोल्लाजवळ. घरी ती आणि बारावीतली मुलगी. ही मराठीत ओरडायची, मुलगी इंग्रजीत उत्तर द्यायची. दोघींचं उत्तम चाललं होतं.

मग लंडनहून नवा प्लॅटफॉर्म आला. सगळी गुंतवणूक एका स्क्रीनवर. धोका कमी तर हिरवा रंग, जास्त तर लाल. तो सुरू झाला की तिची जागा रद्द होणार होती. जागा गेली की व्हिसा जाणार आणि मुलीची शाळा ऐन परीक्षेच्या तोंडावर सुटणार. मी हे तिला सरळ सांगितलं.

"बाय, मला फक्त डेमोला बसू दे," ती म्हणाली.

डेमो सोमवारी सकाळी होता. साहेब, म्हणजे कुटुंबातले थोरले, स्वतः आले. स्क्रीन हिरवागार. लंडनचा माणूस खूश होऊन बोलत होता. ही उठली, बेरजेवर हात ठेवला आणि रियाधचे शेअर उघडायला सांगितले. भाव कधीचा, असं विचारलं. त्याने सांगितलं, गुरुवारचा; मध्ये सुट्टी होती.

"सुट्टी लंडनला," ती म्हणाली. "रियाधचा बाजार रविवारी उघडतो. काल तो आपटला."

ती इथे आली तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. कित्येक वर्षं तिने चर्चमधला रविवारचा मिस्सा शुक्रवारी केला होता. कुठल्या वारी काय बंद असतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

साहेब पुढे वाकले. आमच्याशी ते हिंदीतच बोलत. "कल रियाध से मेरे भाई का फोन आया था. रो रहा था. हबीबी, फिर ये हरा क्यों है?"

लंडनच्या माणसाने स्क्रीन पुन्हा लोड केला. हिरवाच.

प्लॅटफॉर्ममध्ये रविवार नाही, हे तिने आधीच पकडलं होतं. मला का नाही सांगितलंस, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, तू लगेच लंडनला ईमेल केली असतीस आणि त्यांनी डेमोआधीच दुरुस्त केलं असतं. खरं आहे, केली असती. बाजार नेमका त्याच रविवारी पडला हे तिचं नशीब; पण तो पडला नसता तरी ती उठलीच असती.

साहेबांनी तिथेच निकाल दिला. प्लॅटफॉर्म राहील, पण त्याला शिकवणार ही, आणि हिच्या सहीशिवाय एकही आकडा घरी येणार नाही. लंडनची टीम रोज तिच्यासमोर हजेरी लावू लागली. पुढच्या ईदची पक्की तारीख भरायची आहे, असं ते म्हणाले, तेव्हा तिने सांगितलं की चंद्र दिसला की कळवते. बिचाऱ्यांनी तेही लिहून घेतलं.

मुलगी बारावी झाली, चांगली झाली. त्याच आठवड्यात रियाधच्या एका कंपनीने हिला बोलावलं, धोक्याच्या अख्ख्या विभागाची प्रमुख म्हणून. साहेबांनी केबिनमध्ये बसवून पगार वाढवून देऊ केला, मोठी खोली देऊ केली. मी तिथेच होते.

"खलास, साहेब. अब मैं चली," ती म्हणाली आणि उठली.

आमच्याकडे साहेबांच्या आधी कोणी उठत नाही. त्या दिवशी ती उठली आणि साहेबही उठले. तिला सोडायला लिफ्टपर्यंत गेले. असं ते मंत्र्यांसाठीही करत नाहीत. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ते तसेच उभे राहिले, आम्ही सगळे त्यांच्या मागे. मग वळून म्हणाले, "यल्ला, चलो, काम."