जावईबापूंची बरणी

पाइपाचं तोंड आतून बंद होतं. बस, एवढंच. बारीक खडे एकावर एक नीट रचलेले, जणू कुणी आतून कडी लावून घेतली.

तुम्ही म्हणाल, यात घाबरण्यासारखं काय? पण मी दुधावरची साय हलली तरी घाबरते, हे आमच्या सावेडीच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय त्या पाइपात जो राहत होता, त्याच्या जिवाची हमी मी भर वर्गासमोर दिली होती. पुढे मी जे करून बसले, ते मैत्रिणींनाही आजवर पुरतं सांगितलेलं नाही. तुमचा चहा संपेपर्यंत सांगून टाकते.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आमची सहल मालवणला गेली. तिथे कोळ्याच्या जाळ्यात एक स्क्विला जिवंत सापडला. स्क्विला म्हणजे कोळंबीचा लांबचा भाऊबंद. वीतभर लांब, आणि पुढचे दोन हात खंडोबाच्या किड्यासारखे छातीशी दुमडलेले. दिसायला नमस्कार, पण ते हात उघडले की समोरच्याचं बोट फाटतं. सर त्याला नमुना म्हणून फॉर्मॅलिनमध्ये टाकायला निघाले. त्याने एक डोळा सरांकडे वळवला आणि दुसरा माझ्याकडे.

"सर, मी पाळते याला," मी म्हणाले.

वर्ग हसला. ज्या मुलीच्या वहीवर पाल पडली तर वही बदलावी लागते, ती हे पाळणार?

सर हसले नाहीत. "पंधरा दिवस जगवून दाखव," ते म्हणाले. "मग तुझा. नाहीतर माझ्या कपाटात." आणि फॉर्मॅलिन भरलेली एक बरणी माझ्या हातात दिली. "ठेव. लागेल."

तर असे आम्ही नगरला आलो. मी, तो, ती बरणी आणि समुद्राच्या पाण्याचे तीन डबे. त्या वर्षी पाऊस नव्हता, गल्लीत टँकर यायचा. आमच्याकडे तीन डबे पाणी आलंय ही बातमी आमच्याआधी पोचली होती. शेजारच्या काकू कळशी घेऊन आल्या, एक घोट घेतला, आणि त्यानंतर महिनाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

खिडकीच्या जुन्या काचा लांबी लावून जोडून बाबांनी टाकी केली. तळाला वाळू, खडे आणि त्यात नळाच्या पाइपाचा एक तुकडा. साहेब आत शिरले. हवा कशी द्यायची? सायकलच्या पंपाने. दर दोन तासांनी मी टाकीत नळी सोडून पंप मारायची. पाणी आटलं की खारटपणा वाढू नये म्हणून पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर ओतायची.

"पहिल्या दिवाळीला जावई आल्यासारखं चाललंय," आई म्हणाली. "जावईबापूंना गोडं पाणी, आणि आम्ही टँकरपुढे रांगेत."

तेव्हापासून तो जावईबापू झाला. वागणंही तसंच. दिवसभर पाइपातून नुसते दोन डोळे बाहेर, आणि दोन्ही दोन दिशांना. काही मनासारखं झालं नाही की काचेवर टक् करून ठोसा. प्रत्येक ठोशाला माझ्या हातातलं भांडं खाली पडायचं. एका आठवड्यात आमच्या कपबश्यांचा सेट संपला.

खायला त्याला लहान खेकडे लागत. ते द्यायला शेवंताबाई डोक्यावर पाटी घेऊन परसदारी यायची. ओढ्याकाठी खेकडे धरण्यात तिचा जन्म गेलेला. ती टाकीकडे बघून म्हणायची, "लई ऐट हाय गं तुझ्या पाव्हण्याची."

आणि बाराव्या दिवशी दार बंद.

मी खेकडा टाकला, त्याने ढुंकून पाहिलं नाही. ठोसा नाही, डोळे नाहीत. मी दर दोन तासांऐवजी अर्ध्या तासाने पंप मारू लागले.

"रुसला असेल," बाबा म्हणाले.

"कशावर?"

"तुझ्या पंपावर. अगं, मला इथे झोप लागत नाही, तर तो तर त्याच खोलीत राहतोय."

चौदाव्या दिवशी, रविवारी सकाळी, जावईबापू पाइपाबाहेर वाळूवर पडले होते. निश्चल. फिके, जवळजवळ पारदर्शक. हात दुमडलेले, डोळे पांढरे. मी ओळखलंच. तीन वर्षं कॉलेजच्या कपाटात मी असेच तर प्राणी पाहिले होते. फिके, ताठ, हात जुळवलेले. जिवंत असताना तो कधीच पुस्तकातल्यासारखा दिसला नव्हता. आज अगदी हुबेहूब दिसत होता.

एक दिवस. फक्त एक दिवस राहिला होता हो.

आई टँकरवर गेली होती, बाबा संगमनेरला. आईच्या सांडशीने मी त्याला उचललं. वजन असं काही नव्हतंच. उपाशीपोटी गेला बिचारा, असं मनात आलं आणि मी हमसून रडले. सरांच्या बरणीत त्याला ठेवलं. कागदाची पट्टी कापून लॅटिन नाव लिहिलं, ठिकाण लिहिलं. खाली कंसात 'जावईबापू' लिहिलं, मग ते खोडलं, सरांना आवडलं नसतं. बरणी मागच्या खिडकीत ठेवली आणि तिला उदबत्ती ओवाळली. हो, फॉर्मॅलिनच्या बरणीला. हसा.

आता टाकी तरी आवरावी. रडकं तोंड कुणी बघू नये म्हणून मी दार आतून लावलं, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून पाइप उचलला. खडे सांडू नयेत म्हणून एका तोंडावर तळहात धरला.

खडे घरंगळले आणि तळहाताला आतून काहीतरी लागलं. मऊ.

मी खाली पाहिलं. पाइपाच्या दुसऱ्या टोकातून दोन डोळे बाहेर आले होते. एक माझ्याकडे बघत होता. एक खिडकीतल्या बरणीकडे.

मला हात काढवेना. ठेववेना. सोडला तर तो बाहेर येणार, आणि आता त्याच्याकडे माझ्याविरुद्ध सबळ कारण होतं. मी त्याला चौदा दिवसांत छळून मारलं होतं, आणि तो पुन्हा आला होता, तोही दिवसाढवळ्या. बोट फाडायला मेलेल्यालाही जमतं का, हे सरांनी शिकवलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले. "आई गं." मग बाबा, मग शेजारच्या काकू, ज्या अजून बोलत नव्हत्या. मग खंडोबा, मग सर. कोपरापर्यंत हात पाण्यात, दाराला आतून कडी. पाइपात पुन्हा काहीतरी सरकलं. मी डोळे गच्च मिटले आणि जमेल तेवढ्या जोरात ओरडले, "कुणीतरी या हो. हा मेलाय आणि बघतोय."

मागच्या खिडकीत आधी पाटी दिसली, मग पाटीखालचा चेहरा. शेवंताबाईने मला पाहिलं, टाकीला पाहिलं, नाकाला पदर लावून बरणी हलवून पाहिली.

"ह्यो व्हय मेलेला? आगं बया, ही नुसती खोळ हाय. खेकडी बी अंगावरचं टरफल काढून टाकत्यात आन् चार दीस बिळात मऊ पडून ऱ्हात्यात. सोड त्याला. तुझ्यापरीस त्येच भ्यालंय." मग उदबत्तीकडे बघून तिने विचारलं, "तुमच्या कालिजात ह्ये शिकवत न्हाईत व्हय?"

शिकवतात. कात टाकण्यावरच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरांनी उत्तम म्हणून सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं.