नेलपॉलिश लावलेल्या गोगलगायी

"तुम्ही चाळीस रंगवल्यात आणि एकशे बारा परत मिळाल्या?" सरांनी फोनवर तिसऱ्यांदा विचारलं. मी तिसऱ्यांदा हो म्हटलं.

पाचाडजवळच्या एका वाडीत पर्यटकांच्या गाड्यांसाठी पार्किंग करायचं चाललं होतं. जागा म्हणजे झाडीचा एक ओला तुकडा. तिथल्या गोगलगायींचा सर्व्हे करायला ऑफिसनं मला पाठवलं होतं. आकडा चांगला आला तर झाडी वाचणार, नाहीतर जेसीबी येणार. पद्धत सोपी असते. काही गोगलगायी पकडायच्या, शंखावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, सोडून द्यायच्या. आठवड्यानं पुन्हा पकडायच्या. त्यात ठिपकेवाल्या किती निघतात, त्यावरून एकूण किती असतील याचा अंदाज येतो. इथे शंखवाली प्रत्येक गोगलगाय ठिपका लावून बसली होती.

"पिल्लं रंगासकट झाली का?" सर म्हणाले. मी फोन ठेवला.

मी ज्यांच्याकडे जेवायची त्या सुमनताईंनी भाकरी थापता थापता सगळं कबूल केलं. मॅडम काम अर्धवट टाकून गेल्या असं वाटून बचत गटाच्या बायका एका दुपारी आपापल्या बाटल्या घेऊन झाडीत बसल्या होत्या. मला अक्षरशः रडू येत होतं.

"मग काहींना सोनेरी का लावलंय?" मी विचारलं.

"त्या डावखुऱ्या हायत. त्यांचा शंख उलटा फिरतो. तुमी बघितलं नाय?"

मी बघितलं नव्हतं. ती वेगळी जात मी घाईत बाकीच्यांतच मोजली होती. अगदी बारक्या शंखांना गुलाबी रंग होता, तीही वेगळीच जात निघाली. बिनशंखाच्या तेवढ्या कोऱ्या राहिल्या होत्या, त्यांना लावायला जागाच नाय म्हणे.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, जाती चार, संख्या सांगता येत नाही. सर चिडले, आणि त्यांचं बरोबर होतं. असल्या रिपोर्टवर एक झुडूपही वाचत नाही. गावच्या सभेत मी तो घाबरत घाबरत उघडला, तेवढ्यात सुमनताई उठल्या.

"पार्किंग तिकडं माळावर करा," त्या सरपंचांना म्हणाल्या. "आमी दुपारभर बसून एकेकीला रंग लावलाय. त्यांच्यावर गाडी नाय घालू देणार."

मागच्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. त्यात सरपंचांची बायकोही होती. पार्किंग माळावर गेलं.

आकडा पक्का असेल तरच जागा वाचते, असं मी ऑफिसातल्या नव्या मुलांना शिकवते. माझी आजवर वाचलेली एकमेव जागा आकडा बिघडला म्हणून वाचली, हे त्यांना सांगत नाही.