बापाशी खोटं बोललेली नायिका

मालिका बघताना मी गप्प बसू शकत नाही. नवरा म्हणतो, तू मालिका बघत नाहीस, खटला चालवतेस. खरं आहे ते, आणि मला त्याची लाजही वाटत नाही. दिवसभर चौथीच्या वर्गाला समजुतीनं घ्यायचं, तर संध्याकाळी कुणाला तरी मनसोक्त बोलायला मिळालं पाहिजे. पडद्यावरची बाई उलट उत्तर देत नाही.

डहाणूहून सायवनच्या शाळेत बदली झाली तेव्हा मी तिथल्या आदिवासी पाड्यावर एका शेतकरी जोडप्याकडे खोली घेतली. आठवडाभर मुक्काम, शनिवारी एसटीनं घरी. घरमालकीण मावशी पन्नाशीच्या, त्यांचा माणूस थोडा मोठा, आणि एक लग्नाला आलेला मुलगा. टीव्ही पडवीत होता. साडेसात वाजले की मावशी परातीत नाचणीचं पीठ घेऊन तिथंच मळायला बसायच्या आणि मी शेजारी खुर्ची ओढायची.

त्या वर्षी जो तो एकच मालिका बघत होता. नायिकेचा नवरा सरळ, घुम्या. हिचा जीव ऑफिसातल्या एकावर जडलेला. घरी ट्रेनिंग आहे म्हणून सांगायची आणि त्याच्याबरोबर फिरायला जायची. मी तिला रोज फाडून खायची, आणि एकही भाग चुकवायची नाही. भाग संपला की बोर्डीच्या मैत्रिणीचा फोन यायचा, मग आम्ही दोघी मिळून तिची सालटी काढायचो. चुकणारं पात्र आपल्याला आवडतं ते यासाठीच, हे मी आता ठामपणे सांगू शकते. तिला नावं ठेवता ठेवता आपण आपोआप शहाणे ठरतो. दुसरं काही करावंच लागत नाही.

माझी धाकटी बहीण दीड वर्षापूर्वी नवऱ्याला सोडून निघाली होती. तलासरीला, म्हणजे माझ्यापासून तासाभराच्या अंतरावर, ती एका माणसाबरोबर राहत होती. अच्छाडला हायवेवर त्याचं ट्रकचे पंक्चर काढायचं दुकान आहे. मी मात्र सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ती पुण्याला नोकरीला असते, हॉस्टेलवर राहते. तिचे फोन मी घेत नव्हते. आई गेल्यावर मीच तिला वाढवलेली, आणि तिनं मला चारचौघांत तोंडघशी पाडलं, असं माझ्या मनात बसलं होतं. राग खूप होता. आणि ती मला रोज आठवायची.

एके दिवशी मालिकेतली ती बॅग भरून घराबाहेर पडली. मी तयारीतच होते. म्हटलं, “बघा मावशी, निघाली. नवऱ्यात काय वाईट होतं सांगा बरं.” मावशी पीठ मळत राहिल्या. पुढच्या प्रसंगात नायिकेनं वडिलांना फोन केला आणि कंपनीनं राहायला जागा दिलीय, तिथं एकटीच राहते, असं सांगितलं. मावशींचे पिठातले हात थांबले.

“हे वाईट केलं तिनं.”

“आत्ता कळलं होय तुम्हाला?”

“सोडलं त सोडलं, बाई. नाय पटलं, गेली. पन बापाला खोटं कशाला सांगायचं? उद्या आजारी पडली त म्हातारा कुठं शोधंल तिला?”

मी वर्गातला आवाज काढला आणि लग्न म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले. मावशी हसल्या. शेजारी बसलेल्या आपल्या माणसाकडे हनुवटी करून म्हणाल्या, “याचं न माझं तरी कुठं लगीन झालंय? आता पोराचं ठरलं, त त्याच्या आधी आमचं उरकाया लागंल.”

पाड्यावर तशी रीतच आहे. पटलं की संसार सुरू, लग्न जमेल तेव्हा. पण मुलाचं लग्न लागण्याआधी आईबापांचं झालेलं हवं. वर्षभर मी त्यांच्या घरी जेवत होते. सर्वेक्षणाच्या कामात त्यांच्या नावांपुढे ‘विवाहित’ मीच लिहिलं होतं, विचारायचीसुद्धा गरज वाटली नव्हती. आधी मला हसू आलं. मग मनात आलं, माझ्या बहिणीला काही झालं तर तिला कुणी पुण्यात शोधत बसणार की काय? मी घाबरले. अंगणात जाऊन तिला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पंक्चरचा धंदा कसा चाललाय ते विचारलं. तीही मोठ्या माणसासारखी सगळं सविस्तर सांगत राहिली.

उन्हाळ्यात मावशींचं लग्न लागलं. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, सकाळपासून गात होती आणि मुलगा आईबापांच्या लग्नात सगळ्यांत पुढे नाचत होता. मी बहिणीला बोलावलं होतं. ती एकटीच आली आणि मांडवाच्या कडेला उभी राहिली. हळदीनं माखलेल्या मावशींनी मला विचारलं, “ही कोन?”

पुणं जिभेवर आलंच होतं. दीड वर्षाची सवय होती. मी म्हणाले, “माझी बहीण. पुण्याला नसते ती. नवऱ्याला सोडलंय तिनं, तलासरीला एकाबरोबर राहते. मी तुम्हाला खोटं सांगत होते.” आजूबाजूच्या बायका गाणं सोडून ऐकायला लागल्या. बहीण खाली बघत होती.

मावशींनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“मंग त्याला का नाय आनला जेवाया?”

खरं कारण बहिणीला माहीत होतं आणि ती ते सांगणार नव्हती, कारण त्यात दोष माझ्याकडे आला असता.

“मी त्याला बोलावलं नव्हतं,” मी म्हणाले. मग तिच्याकडून त्याचा नंबर घेतला आणि फोन लावायला मांडवाबाहेर गेले.